दोन अक्षरं जास्त आणि डोळे पिवळे

गोव्यातल्या साखळीच्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या एकोणीस वर्षांच्या भावाने श्रावणी सोमवारचा कडक उपास केला की दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळट दिसतात. आजी म्हणते कामीण (कावीळ) झाली, गावठी औषध आणा. रक्त तपासलं तर बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, वाढून २.८, लिव्हरचे बाकीचे आकडे व्यवस्थित. डॉक्टरांनी जनुकीय चाचणी करून घेतली. अहवाल आला तो असा: यूजीटी१ए१ जनुक, प्रवर्तक भाग, टीए सात / टीए सात, प्रथिन ठरवणाऱ्या भागात दोष नाही. तिचं म्हणणं: "जनुक धड आहे तर बिघडलं काय? पुस्तकात प्रवर्तक म्हणजे जनुकाचा स्विच असं दिलंय. स्विच बिघडला तर दिवा लागायलाच नको. मग हा मिणमिणतोय कसा? आणि पुढे वाढत जाईल का?"

शेवटचं आधी सांगते, म्हणजे घरी सगळ्यांना झोप लागेल. वाढत जाणार नाही. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. ऑगस्टँ गिल्बर्ट या फ्रेंच डॉक्टरांनी १९०१ साली त्याचं वर्णन केलं. शंभर माणसांत पाच ते दहा जणांना तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. लिव्हर खराब होत नाही, आयुष्य कमी होत नाही. गावठी औषध देऊ नका. त्याने कामीण उतरली असं वाटेल, कारण उपास सोडून दोन दिवस नीट जेवलं की ती आपोआपच उतरते. अशा औषधांची कीर्ती बरीचशी गिल्बर्टच्याच जिवावर उभी असावी असं माझं आपलं मत.

आता खरा प्रश्न. जनुकांच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली आणि "स्विच" या शब्दाशी माझं तेव्हापासूनचं भांडण आहे.

जनुकातली माहिती थेट वापरली जात नाही, तिचा उतारा काढावा लागतो. महाराष्ट्रात सातबाराचा काढतात, आपल्याकडे एक-चौदाचा. मूळ नोंदवही कचेरीतून हलत नाही. उतारा हातात घेऊन माणूस पुढच्या कामाला लागतो. पेशीतही डीएनए केंद्रकातच राहतो, त्याचा आरएनए उतारा बाहेर जातो आणि त्याच्यावरून प्रथिन तयार होतं. उतारा लिहिणाऱ्या यंत्राचं नाव आरएनए पॉलिमरेज-दोन. माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं (ए, टी, सी आणि जी ही चारच, पुन्हा पुन्हा येणारी) आणि प्रथिनं सांगणारी जवळजवळ वीस हजार जनुकं. एवढ्या मजकुरात या यंत्राने लिहायला सुरुवात कुठून करायची, कोणत्या दिशेने जायचं आणि दिवसाला किती उतारे काढायचे, हे जनुकाच्या तोंडाशी असलेला जो पट्टा सांगतो तो प्रवर्तक. त्याचा गाभा सुरुवातीच्या अक्षराच्या अलीकडे-पलीकडे मिळून शंभरेक अक्षरांचाच असतो. त्याच्या अलीकडची काही शे अक्षरं त्याला मदत करतात.

अहवाल वाचताना एक लक्षात ठेव. उताऱ्याचं पहिलं अक्षर अधिक एक, त्याच्या लगेच आधीचं उणे एक. मध्ये शून्य नाही. त्यामुळे उणे २८ म्हणजे सुरुवातीच्या अलीकडचं अठ्ठाविसावं अक्षर. काही जण मात्र उताऱ्याच्या पहिल्या अक्षराऐवजी प्रथिन जिथून सुरू होतं तिथून मोजतात. म्हणून एकाच बदलाचे दोन निबंधांत दोन आकडे दिसले तर लगेच चूक समजू नकोस.

तर स्विच का नाही. माझं माहेर चोडणचं. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधात जिथे मानस बसवलेली असते तिथे आम्ही भावंडं लहानपणी तासन् तास बसायचो. लाकडी फळ्यांचं दार. भरती आली की नदीचं पाणी ते दार रेटून बंद करतं. ओहोटीला आत साठलेलं पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि दार उघडतं. दर वेळी कुणी येऊन खटका दाबत नाही. पाणी किती जाणार हे दार किती रुंद, फळ्या कोणत्या उंचीला बसवल्यात, त्या दिवशीचं उधाण कसं, मासे धरायला कुणी मध्ये जाळं लावलंय का, या सगळ्यावर ठरतं. फळी दोन बोटं वर बसली तरी मानस चालतेच, पण शेतात पाणी तुंबतं. तुझ्या भावाची फळी दोन बोटं वर बसली आहे.

बघ कशी. लिव्हरमधलं हे जनुक एक एन्झाइम बनवतं आणि ते एन्झाइम बिलिरुबिनला ग्लुकुरॉनिक आम्ल चिकटवतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून पित्तातून बाहेर जाऊ शकतं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मोडतात, आणि त्यांच्यातून रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. तेवढं निपटायला लिव्हरकडे एरवी भरपूर एन्झाइम असतं. तुझ्या भावाकडे साधारण तीस टक्के आहे. एरवी तीस टक्क्यांतही भागतं. उपास म्हणजे उधाण: पोट रिकामं असलं की रक्तातलं बिलिरुबिन सगळ्यांचंच थोडं चढतं. तुझं-माझं चढलेलं कुणाला दिसत नाही, त्याचं दिसतं. फुटबॉलची दमछाक, ताप, परीक्षेच्या रात्रींची जागरणं, सगळ्याचा परिणाम तोच.

हे तीस टक्के कुठून आले ते आता प्रवर्तकात शिरून बघू.

सुरुवातीच्या पंचवीस-तीस अक्षरं अलीकडे काही जनुकांत टी ए टी ए अशी अक्षरं असतात. १९७८च्या सुमारास ती ओळखली गेली. नाव पडलं टाटा बॉक्स, आणि दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, यात जमशेदजींचा काय संबंध. टीबीपी नावाचं एक प्रथिन या अक्षरांवर येऊन बसतं. ते खोगिराच्या आकाराचं असतं आणि बसताना डीएनएला जवळजवळ ऐंशी अंशांत वाकवतं. डीएनएच्या दोन धाग्यांवर समोरासमोर येणारी टी आणि ए यांची जोडी दोनच हायड्रोजन बंधांनी धरलेली असते, सी-जीची तिनांनी. टीएची लडी वाकायला आणि उलगडायला सोपी. सरळ दोरी अशी कोपरात वाकली की तिच्याभोवती बाकीची प्रथिनमंडळी जमते: टीएफ-दोन-बी, मग पॉलिमरेज स्वतः, शेवटी टीएफ-दोन-एच. हा शेवटचा दोन धागे उसवतो आणि पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट लावून त्याला मार्गी लावतो. रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या यंत्राची रचना अणूअणूने दाखवल्याबद्दल.

निघालं म्हणजे सुटलं असंही नाही. माणसाच्या पुष्कळ जनुकांत पॉलिमरेज वीस ते साठ अक्षरं लिहून थबकतं आणि पुढच्या इशाऱ्याची वाट बघत राहतं. उतारे निघतात तेही धारेने नाही, झटक्याझटक्याने: काही मिनिटं भराभर, मग शांत. एकेक पेशी वेगळी बघता यायला लागली तेव्हा हे दिसलं. आपल्याला जे "प्रमाण" वाटतं ती या झटक्यांची सरासरी.

यूजीटी१ए१च्या टाटा बॉक्समध्ये टीए ही जोडी ओळीने सहा वेळा येते. भावाच्या दोन्ही प्रतींत ती सात वेळा आहे. एक जोडी जास्त, म्हणजे दोन अक्षरं. टीबीपीची पकड त्या लांबट पट्ट्यावर सैल पडते. बसतं, पण कमी वेळा. उतारे निघतात, पण कमी. निघालेला प्रत्येक उतारा मात्र शंभर टक्के शुद्ध आणि त्यातून बनलेलं प्रत्येक एन्झाइम अव्वल. म्हणूनच अहवालात "दोष नाही" लिहिलंय ते खरं आहे. १९९५ साली बोस्मा आणि सहकाऱ्यांनी ही जास्तीची जोडी शोधली. पुढे पाच, सहा, सात, आठ अशा सगळ्या लांबींची तुलना झाली, कारण आफ्रिकी वंशाच्या लोकांत पाच आणि आठही सापडतात. जोड्या जितक्या जास्त, तितकं काम कमी, असा क्रम लागला.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. ज्याची एक प्रत सहाची आणि एक सातची, त्याच्या अक्षरवाचनाचा आलेख टीएच्या लडीपर्यंत स्वच्छ येतो, चार रंगांची सुटी सुटी शिखरं. लडी संपली की एकदम गोंधळ, शिखरावर शिखर. दोन बायका तीच गोष्ट सांगतायत, पण एक दोन शब्द मागे आहे, तसं ऐकू येतं. नवीन मुलं अशा वेळी नमुना खराब झाला म्हणून फेकून द्यायला निघतात. तुझ्या भावाचा आलेख शेवटपर्यंत स्वच्छ आला असणार, कारण त्याच्या दोन्ही बायका एका तालात आहेत.

जोड्या जास्त म्हणून काम कमी, हे मोजतात कसं, तेही सांगते, कारण पुस्तकात ते एका वाक्यात उरकतात. प्रवर्तकाचा तेवढाच तुकडा कापून घ्यायचा आणि त्याच्यापुढे काजव्याचं जनुक जोडायचं. हो, काजव्याचं, आपल्याकडे पावसाच्या तोंडावर घाटात झाडंच्या झाडं लुकलुकतात ते. प्रयोगशाळेतलं जनुक अमेरिकन काजव्याचं, पण तत्त्व एकच: ल्युसिफेरेज नावाचं एन्झाइम ल्युसिफेरिनवर चाललं की उजेड पडतो. ही जोडगोळी लिव्हरपासून काढलेल्या पेशींत घालायची, दोन दिवस थांबायचं, पेशी फोडायच्या, ल्युसिफेरिन टाकायचं आणि यंत्राने उजेड मोजायचा. प्रवर्तक जोरकस तर उजेड जास्त. डोळ्याला काही दिसत नाही, पडद्यावर नुसते आकडे.

आम्ही हा प्रयोग पहिल्यांदा मांडला तेव्हा सातच्या तुकड्याने सहापेक्षा जास्त उजेड दिला. दोन दिवस मी जगाला खोटं पाडायच्या तयारीत होते. मग कळलं की सातच्या बाटलीतल्या पेशींत डीएनएच जास्त शिरला होता. त्यासाठीच दुसरा दिवा सोबत घालायचा असतो: रेनिला या समुद्री प्राण्याचं जनुक, ज्याचा प्रवर्तक नेहमी तेवढाच चालतो. काजव्याच्या उजेडाला रेनिलाच्या उजेडाने भागलं की कुणाच्या पेशीत किती शिरलं याचा हिशेब वजा होतो. भागाकार केला आणि सात मुकाट्याने खाली गेला. डोंगरातला एक दिवा आणि समुद्रातला एक, दोन्ही लागतात. गोव्याच्या माणसाला हे समजायला हरकत नसावी.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेव. बाटलीतला तुकडा उघडा असतो. खऱ्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर १४७ अक्षरं. प्रवर्तक रिळाखाली दबला तर टीबीपीला तो सापडतच नाही. चालू प्रवर्तकापाशी रिळं सरकवलेली असतात आणि शेजारच्या रिळांवर ठरावीक रासायनिक खुणा असतात. शिवाय तुकडा कापून आणला म्हणजे त्याचे दूरचे नातेवाईक मागे राहिले.

दूरचे नातेवाईक म्हणजे एन्हान्सर. यूजीटी१ए१च्या सुरुवातीपासून सुमारे तीन हजार अक्षरं अलीकडे असा एक पट्टा आहे, तो फेनोबार्बिटल या जुन्या औषधाला प्रतिसाद देतो. मिरगीसाठी वापरतात तेच. औषध पोटात गेलं की लिव्हरमधला सीएआर नावाचा ग्राहक (इशारा टिपणारं प्रथिन, रिसेप्टर) त्या पट्ट्यावर जाऊन बसतो, मधला डीएनए वळसा घेतो आणि तीन हजार अक्षरांवरून प्रवर्तकाला जोर मिळतो. मोठी शिकवण यातच आहे. क्रिगलर-नज्जार हा याच जनुकाचा गंभीर आजार. त्याच्या पहिल्या प्रकारात एन्झाइमच पार मोडलेलं असतं, तिथे फेनोबार्बिटल काही करू शकत नाही. मोडक्या उताऱ्याच्या जास्त प्रती काढून काय उपयोग. दुसऱ्या प्रकारात एन्झाइम दुबळं पण जिवंत असतं, तिथे जास्त प्रती निघाल्या की बिलिरुबिन उतरतं. "काय" बिघडलंय आणि "किती" बिघडलंय यांतला फरक एका गोळीने दाखवला. भावाला ही गोळी लागत नाही, कुणी सुचवली तरी घेऊ देऊ नकोस. झोप येते आणि मिळत काहीच नाही.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की सात-सात असलेल्या प्रत्येकाचे डोळे पिवळे होत नाहीत. बोस्मांच्या निबंधातच ते आहे: प्रवर्तकातला बदल गिल्बर्टसाठी लागतो, पण एकटा पुरत नाही. तांबड्या पेशी किती वेगाने मोडतात, माणूस पुरुष की बाई, याने फरक पडतो. मुलांमध्ये वयात आल्यावरच जास्त दिसतं, म्हणून तुझ्या भावाचं शाळेत असताना कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्व आशियात तर पुष्कळांना गिल्बर्ट होतो तो प्रवर्तकामुळे नाही, प्रथिनातलंच एक अक्षर बदलल्यामुळे. एकाच नावाच्या आजाराला दोन वेगळ्या वाटा.

या जनुकाचं घरही मजेशीर आहे. दुसऱ्या गुणसूत्रावर एकाच ठिकाणी ओळीने अनेक पहिले तुकडे आणि शेवटी सगळ्यांना सामाईक चार तुकडे. प्रत्येक पहिल्या तुकड्याला स्वतःचा प्रवर्तक. लिव्हरमध्ये एक दार उघडतं, आतड्यात दुसरं, आणि कोणत्या दाराने आत गेलात त्यावर नऊपैकी कोणतं एन्झाइम बनणार ते ठरतं. एका वाड्याला अनेक दारं आणि माजघर एकच. म्हणजे प्रवर्तक फक्त "किती" तेवढंच ठरवतो असं भावाच्या उदाहरणावरून वाटलं असेल, तर त्याला इथे थोडी मुरड घालावी लागते.

सगळ्या पेशींत डीएनए तोच असताना एका पेशीत दार उघडं आणि दुसरीत बंद, हे कसं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मलेरियाचं. गोव्यात मलेरिया म्हणजे बहुतेक व्हायव्हॅक्स प्रकारचा, हे पणजीत पावसाळा काढलेल्या कुणालाही सांगायला नको. व्हायव्हॅक्सचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो तो पृष्ठभागावरच्या डफी नावाच्या प्रथिनाला धरून. पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ कुणाच्याच तांबड्या पेशींवर डफी नसतं, आणि अशा लोकांना व्हायव्हॅक्स होत नाही हे १९७६ साली लुई मिलर यांच्या गटाने दाखवलं. सगळ्यांना वाटलं, त्यांचं जनुकच मोडलं असणार. १९९५ साली जनुक वाचलं तर आतला मजकूर धड. प्रवर्तकात एक अक्षर बदललेलं: टीच्या जागी सी. त्या जागेवर गाटा-१ नावाचं प्रथिन बसतं आणि गाटा-१ तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत असतं. त्याची बसायची जागा गेली, म्हणून तांबड्या पेशीत डफी बंद. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि मेंदूच्या काही पेशींत दुसरी प्रथिनं तोच प्रवर्तक चालवतात, तिथे डफी जशीच्या तशी. एक अक्षर, एकाच प्रकारच्या पेशीत बंद, बाकी शरीराला पत्ता नाही. प्रथिनाच्या मजकुरात बदल झाला असता तर तो सगळीकडे भोवला असता. या बदलाला जुन्या निबंधांत उणे ४६ म्हणतात, नव्या यादीत उणे ६७. मोजणीचं मघाशी सांगितलं ते यासाठी. आणि आता मादागास्करसारख्या ठिकाणी डफी नसलेल्यांनाही व्हायव्हॅक्स झाल्याचं आढळलंय. परजीवीही गप्प बसलेला नाही.

प्रवर्तकाला पेशी कळते तसा काळही कळतो. हिमोफिलिया बी या रक्तस्रावाच्या आजाराचा लायडन नावाचा एक प्रकार आहे, नेदरलँड्समधल्या गावावरून नाव. अशा मुलाला लहानपणी जरा खरचटलं तरी रक्त थांबत नाही. रक्त गोठायला लागणारं फॅक्टर नऊ हे प्रथिन एक टक्क्याहूनही कमी. तोच मुलगा वयात येतो, मिसरूड फुटतं आणि आजार मागे हटायला लागतो. फॅक्टर नऊ चढत चढत साधारण निम्म्यापर्यंत जातो. दोष प्रवर्तकातला, सुरुवातीच्या आसपासच्या अक्षरांतला, जिथे लिव्हरची प्रथिनं बसतात. त्या जागेला लागूनच पुरुष संप्रेरकाच्या ग्राहकाची जागा आहे. लहानपणी ती रिकामी असते. संप्रेरक वाढलं की तिथून आधार मिळतो आणि जनुक मार्गी लागतं. हे खरं कशावरून? ब्रँडनबर्ग नावाच्या दुसऱ्या प्रकारातला बदल नेमका उणे २६ला आहे, दोन्ही जागांच्या सामाईक अक्षरात. ते रुग्ण वयात आल्यावर बरे होत नाहीत. निसर्गाने स्वतःच प्रयोग आणि त्याचा ताळा असं दोन्ही करून ठेवलंय.

आता माझी एक चूक. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या चाचण्यांचे सुरुवातीचे दिवस होते. गरोदर बाई थॅलेसेमियाची वाहक निघाली होती, म्हणून नवऱ्याचा नमुना आला. भारतात सापडणारे पाच नेहमीचे बदल तपासले, एकही नाही. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनचं जनुक आख्खं वाचलं, काही नाही. मी "बदल आढळला नाही" असा अहवाल पाठवून दिला. दोन दिवसांनी रक्तविकार बघणाऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा फोन: "ए-टू ५.४ टक्के आहे हो, आणि तुम्ही म्हणता काही नाही?" हिमोग्लोबिन ए-टू साडेतीनच्या वर गेलं की माणूस वाहक असण्याची दाट शक्यता, हे मला काय माहीत नव्हतं? पण माझं वाचन सुरू होत होतं उणे ६०च्या आसपास. त्याच्या अलीकडचं मी पाहिलंच नव्हतं. प्राइमर (वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) नवे मागवले, मागे सरकून वाचलं, उणे ८८ला सीच्या जागी टी. तिथे केएलएफ१ हे प्रथिन बसायचं असतं. जनुक धड, उतारे कमी. अहवाल बदलून स्वतः नेऊन दिला आणि त्या जोडप्यासमोर बसून सगळं सांगितलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक अहवालावर "कोणत्या अक्षरापासून कोणत्या अक्षरापर्यंत वाचलं" ही ओळ असते. तुझ्या भावाच्या अहवालात ती आहे का, सहज बघ.

पुस्तकातल्या टाटा बॉक्सला मात्र अवाजवी मान मिळालाय. माणसाच्या फार थोड्या जनुकांत तो असतो. निम्म्याहून जास्त प्रवर्तक सी-जींनी गच्च भरलेले असतात, त्यांना सीपीजी बेटं म्हणतात. तिथे सुरुवात एका अक्षरावरून होत नाही, पन्नास-शंभर अक्षरांच्या पट्ट्यात कुठूनही होते. या बेटांना कुलूप लागतं ते मिथाइलचं: सीवर मिथाइल गट चढला की दार बंद, अक्षर एकही न बदलता. आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये एमएलएच१ हे डीएनए दुरुस्तीचं जनुक असंच कुलूपबंद सापडतं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये एमजीएमटी जनुकाचा प्रवर्तक कुलूपबंद असेल तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त चांगलं लागू पडतं, म्हणून ती तपासणी आता नेहमीची झालीय. उलटंही होतं. २०१३ साली टर्ट जनुकाच्या प्रवर्तकात असे दोन बदल मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सापडले की त्यांनी नवीनच बसायची जागा तयार होते आणि बंद असायला हवं ते जनुक चालू होतं.

परत तुझ्या भावाकडे. दोन्ही प्रती सातच्या, म्हणजे एक आईकडून आणि एक बाबांकडून आलेली. आईबाबा दोघेही सहा-सात असतील तर तू सात-सात असण्याची शक्यता चारात एक, सहा-सात असण्याची दोनात एक. त्यासाठी चाचणीवर पैसे घालवू नकोस. कधी दुसऱ्या कारणाने रक्त दिलंस तर बिलिरुबिन बघ, पुरे. त्याने उपास करायचा तर करावा, फक्त निर्जळी नको, मध्ये केळं, दूध, साबुदाणा काहीतरी पोटात जाऊ दे. आजीची समजूत तू घाल.

एक गोष्ट मात्र कायम जपायची. काही औषधं याच एन्झाइमवर अवलंबून असतात. आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकान सात-सात माणसाला नेहमीच्या मात्रेत दिलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक उतरू शकतात. एचआयव्हीवरच्या अटाझानाविरने डोळे पुन्हा पिवळे होतात. ती वेळ त्याच्यावर येऊ नये आणि बहुधा येणारही नाही. पण अहवालाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असू दे, आणि कुठेही दाखल व्हायची वेळ आली तर "मला गिल्बर्ट आहे, टीए सात-सात" एवढं त्याने डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. नाहीतर पिवळे डोळे बघून कुणीतरी पुन्हा सोनोग्राफीपासून सुरुवात करेल.